भारीतल्या गाडीचं तेलपाणी

मागच्या काही भागांत आपण स्कूटीची देखभाल, पिठाच्या गिरणीचा पट्टा आणि विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर असे विषय घेतले. त्यानंतर गटांकडून जे प्रश्न आले, त्यांतला एक आम्हाला फार आवडला. "सिनेमात दिसतात ना, बसक्या, दोनच माणसांच्या, सुसाट पळणाऱ्या गाड्या? त्यांची सर्व्हिसिंग कोण करतं? त्याला कंपनीचा इंजिनिअरच लागतो का?"

प्रश्न गमतीचा वाटला, तरी त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. वस्तू जितकी महाग आणि नवी, तितकी ती आपल्या हाताबाहेरची, असं आपण धरून चालतो. आज बऱ्याच गटांनी भाजी, दूध, मसाले पोचवायला छोटा टेम्पो घेतलाय. गाडी गटाच्या नावावर असते, हप्ता गट फेडतो, पण बॉनेट उघडायची वेळ आली की आपण चार पावलं मागे सरतो. मग गाडीतलं ज्याला कळतं, त्याच्याच हातात चावी जाते. म्हणून आज आपण मुद्दाम त्या भारीतल्या गाडीचंच बॉनेट उघडून बघू. आत आहे तरी काय आणि त्यातलं घरच्या घरी काय काय होतं?

एक गाडी नमुना म्हणून

स्पोर्ट्स कार तऱ्हेतऱ्हेच्या असतात. आपण नमुन्याला घेऊ माझदा एमएक्स-5. ही जपानी गाडी हिरोशिमात तयार होते. 1989 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. तिकडे तिला मियाटा म्हणतात. जागा दोघांचीच, छत मागे दुमडता येतं, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. 2016 सालापर्यंत अशा 10 लाख गाड्या तयार झाल्या होत्या. दोन आसनांच्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वांत जास्त खपलेली म्हणून तिचं नाव गिनीज बुकात आहे. आपल्या देशात कंपनी ती विकत नाही, पण परदेशात शिक्षक, नर्स, निवृत्त माणसं अशा साध्या लोकांनीही ती घेतली. त्यातले कितीतरी जण रविवारी आपल्या अंगणात स्वतः तिचं तेल बदलतात.

तिची 2015 पासूनची नवी पिढी घेऊ. बॉनेट उघडलं की काय दिसतं? तेल टाकायचं झाकण, तेलाची पातळी बघायची लांब पट्टी म्हणजे डिपस्टिक, कुलंटची डबी, ब्रेक ऑइलची डबी, काच धुण्याच्या पाण्याची टाकी, हवेच्या फिल्टरची पेटी आणि 12 व्होल्टची बॅटरी. झालं! आता तुमच्या टेम्पोत डोकावून बघा. जागा इकडेतिकडे असतील, झाकणांचे आकार वेगळे असतील, पण मंडळी तीच आहेत. ताट चांदीचं असो की स्टीलचं, त्यात डाळ-भातच वाढतात, तसंच हे.

नवी गाडी सोपी कशी झाली?

पूर्वीच्या स्पोर्ट्स कार दिसायला साध्या, पण मालकाला सतत कामाला लावणाऱ्या होत्या. इंग्लंडची एमजीबी ही 1962 साली आलेली प्रसिद्ध गाडी बघा. तिला दोन कार्ब्युरेटर. दोन्हींतून सारखं पेट्रोल यायला हवं, नाहीतर इंजिन खोकत चालायचं. ठिणगी पाडायला कॉन्टॅक्ट पॉइंट होते. ते झिजायचे, त्यांच्यातली फट मोजून पुन्हा बसवावी लागायची. पुढच्या चाकांच्या सांध्यांना पंपाने ग्रीस मारावं लागायचं. हे सगळं दर काही हजार किलोमीटरला.

आता कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आहे. किती पेट्रोल सोडायचं ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो. पॉइंट गेले, ठिणगीची वेळही तोच संगणक सांभाळतो. पूर्वी काही हजार किलोमीटरला बदलावे लागणारे स्पार्क प्लग आता लाखभर किलोमीटर टिकतात. आपल्या नमुन्याच्या गाडीत इंजिनच्या आतला टायमिंगचा पट्टाही नाही, तिथे साखळी आहे, आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागत नाही. सांध्यांमध्ये ग्रीस भरूनच ते बंद केलेले असतात.

मग मालकाच्या हाताशी उरतं काय? तेल आणि त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, टायर, बॅटरी, वायपर आणि ब्रेकच्या पॅडवरची नजर. म्हणजे नव्या गाडीचं नेहमीचं काम जुनीपेक्षा कमी आणि सोपं आहे. अवघड झालं ते बिघाड शोधणं, कारण तारा आणि सेन्सर वाढले. त्यासाठीही वाट ठेवलेली आहे. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या कारला डॅशबोर्डखाली एक ठरावीक सॉकेट द्यावं लागतं. त्यात छोटं यंत्र जोडलं की गाडी आपल्या दुखण्याचा नंबर सांगते. आपल्याकडच्या नव्या गाड्यांनाही असं सॉकेट असतं. म्हणून मेकॅनिकने "मशीन लावून बघावं लागेल" म्हटलं, तर नंबर काय आला ते विचारा आणि लिहून घ्या.

सोपेपणा किमतीवर नसतो

गाडी महाग म्हणजे काम अवघड आणि स्वस्त म्हणजे सोपं, असं मात्र नाही. सोपं-अवघड ठरतं ते भाग कुठे बसवलाय यावरून. याच माझदाच्या पहिल्या पिढीत तेलाचा फिल्टर इंजिनच्या एका नळकांडाखाली असा दडवलाय की हात वाकडातिकडा करून घालावा लागतो आणि जुनं तेल कोपरापर्यंत ओघळतं. नव्या पिढीत खालचं झाकण काढलं की तिथे खालून सरळ हात पोचतो.

दुसरं उदाहरण पोर्श कंपनीच्या बॉक्स्टरचं. तिचं इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या पोटात आहे. वरून ते दिसतच नाही. मागची डिक्की उघडली की दोन तोंडं दिसतात, एक तेलाचं आणि एक कुलंटचं. नव्या बॉक्स्टरमध्ये डिपस्टिकसुद्धा नाही, तेलाची पातळी चालकासमोरच्या पडद्यावर दिसते. तेल टाकणं तसं सोपंच, पण इंजिनला हात लावायचा तर खूप काही सोडवावं लागतं.

यातून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की गाडी घेताना नुसता रंग आणि हप्ता बघू नका. शोरूममध्येच विचारा : "बॉनेट उघडून दाखवा. डिपस्टिक कुठे आहे? हवेचा फिल्टर काढायला किती स्क्रू? स्टेपनी कुठे? बॅटरीपर्यंत हात पोचतो का?" स्टेपनीचं मुद्दाम विचारा. या स्पोर्ट्स कारमध्ये जागा आणि वजन वाचवायला बहुतेक देशांत स्टेपनी देतच नाहीत, पंक्चरचं औषध आणि हवेचा छोटा पंप देतात. आता आपल्याकडेही काही गाड्यांत असंच असतं. रस्त्यात थांबल्यावर ते कळून उपयोग नाही.

तेल बदलायचं कसं?

आता मुख्य काम. ते नीट ऐका, म्हणजे स्वतः केलं नाही तरी दुसरा करत असताना तुम्हाला त्यातलं कळेल.

इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करायचं. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि खालचा गाळ घेऊन उतरतं. फार गरम नको, हात भाजतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडाची उटी.

मग गाडी उचलायची. स्पोर्ट्स कारची खरी अडचण इथे येते. तिचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसतं, त्यामुळे साधा जॅक खाली जातच नाही. लोक आधी चाकं जाड फळ्यांवर चढवतात आणि मग बसका जॅक सरकवतात. जॅक कुठे लावायचा त्या जागा पुस्तकात दाखवलेल्या असतात. भलत्या जागी लावला तर पत्रा चेपतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. जॅकच्या भरवशावर कोणीही, कधीही गाडीखाली जायचं नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. खाली लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी त्यांच्यावर टेकवायची, हलवून बघायची, मगच खाली जायचं. विटांचा ढीग चालत नाही, वीट एकदम फुटते. घोड्या नसतील तर हे काम गॅरेजात करून घ्यायचं. त्यात कमीपणा नाही.

खाली इंजिनला तेलाचं भांडं असतं, त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात. त्याचा बोल्ट पान्याने सैल करून परातीत तेल उतरवायचं. तेल थेंबथेंब गळायला लागेपर्यंत थांबायचं. बोल्टला नवं वॉशर घालून परत बसवायचा. जोर बेताचा, कारण आटे गेले तर चेंबरच बदलावं लागतं.

मग जुना फिल्टर फिरवून काढायचा. त्याची रबरी कडी त्याच्याबरोबर निघाली का, ते बघायचं. जुनी कडी इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन कड्यांमधून तेल उडतं आणि इंजिन कोरडं पडतं. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने नवं तेल लावायचं, फिल्टर हाताने फिरवून टेकवायचा आणि मग डब्यावर लिहिलं असेल तेवढा आवळायचा.

शेवटी वरून तेल. आपल्या नमुन्याच्या गाडीला फिल्टर धरून सव्वाचार लिटरच्या आसपास लागतं. पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमी टाकायचं, इंजिन मिनिटभर चालवायचं, खाली कुठे ओल दिसते का बघायचं. बंद करून पाच मिनिटं थांबायचं आणि गाडी सपाटीवर असताना डिपस्टिकने पातळी बघून उरलेलं टाकायचं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवी. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. फार भरलं तर फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

सवय झालेल्या माणसाला हे तासाभराचं काम. मात्र तेल कुठलंही चालत नाही. डब्यावरचा नंबर, जसा की 0डब्ल्यू-20 किंवा 15डब्ल्यू-40, पुस्तकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते. या जपानी गाडीचं पातळ तेल तुमच्या टेम्पोला चालेलच असं नाही आणि टेम्पोचं तिला चालणार नाही.

उरलेल्या काळ्या तेलाचं काय?

हा प्रश्न स्पोर्ट्स कारवाल्यालाही आहे आणि आपल्यालाही. जुनं तेल आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून खांबांना, दारांना लावतात, कुणी जनावराच्या जखमेलाही लावतात. हे थांबवायला हवं. इंजिनात तापून तापून त्या तेलात धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ते हातालाही लागू देऊ नये, लागलं तर लगेच साबणाने धुवावं. मातीत ओतलं तर झिरपत विहिरीपर्यंत जातं. जुनं तेल कॅनमध्ये भरून, झाकण लावून, जिथे ते गोळा करतात अशा गॅरेजात द्यावं.

बाकीची चार कामं

टायरची हवा : गाडी थांबून काही तास झाले असताना, टायर थंड असताना बघायची. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. आपल्या नमुन्याच्या हलक्या गाडीला 29 पीएसआय पुरते. माल वाहणाऱ्या टेम्पोचा आकडा वेगळाच असतो, आणि रिकाम्या व भरलेल्या गाडीचाही वेगळा. टायरच्या खाचांच्या तळाशी छोट्या आडव्या पट्ट्या असतात. खाच झिजून पट्टीला टेकली, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास आली, की टायर बदलायचा. पावसाळ्यात याच खाचा पाणी बाहेर टाकतात.

हवेचा फिल्टर : इंजिनही आपल्यासारखं श्वास घेतं. फिल्टर धुळीने भरला की जोर कमी होतो. गुळगुळीत रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर खूप टिकतो, आपल्या फुफाट्यात लवकर भरतो. म्हणून पुस्तकात "धुळीच्या भागासाठी" वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं. आपल्याला तेच लागू.

कुलंट : डबीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी हवी. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडल्यासारखं ते तोंडावर उडतं.

ब्रेक ऑइल : हे हवेतला ओलावा शोषतं. ओलावा वाढला की घाटात ब्रेक तापल्यावर त्याची वाफ होते आणि पायाखालचं पेडल पोकळ लागतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. पातळी आपण बघायची. बदलणं आणि ब्रेक खोलणं मात्र जाणत्याचं काम. एअरबॅगच्या तारांनाही आपण हात लावायचा नाही.

समोरच्या दिव्यांचीही एक साधी खूण आहे. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. तेलाच्या झारीचं लाल चित्र चालत्या गाडीत पेटलं तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. "गावापर्यंत जाऊ" म्हटलं तर तेवढ्यात इंजिन जाम होतं. मग मालाचा त्या दिवसाचा बाजार तर जातोच, पण इंजिनच्या खर्चात गटाची कित्येक महिन्यांची बचतही जाते.

हे काम बायकांना नवं नाही

1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईने दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली मोटार बाहेर काढली आणि शंभराहून अधिक किलोमीटर नेली. मोटारीने केलेला इतका लांबचा तो पहिला प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर तिने टोपीच्या पिनेने साफ केली. तारेचं आवरण झिजलं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन विकत घेतलं ते औषधाच्या दुकानातून. पुढे 1909 साली इंग्लंडमध्ये शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या डोरोथी लेव्हिट यांनी बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं. मागचं दिसावं म्हणून हातात धरायचा आरसा गाडीत ठेवा, असा सल्ला त्यात आहे. म्हणजे मोटार रस्त्यावर आली तेव्हापासून बायका तिची देखभाल करत आल्या आहेत.

पुढच्या बैठकीत काय करायचं?

बचतीचा हिशेब झाला की गटाची गाडी अंगणात आणा. ज्यांच्या गटाकडे गाडी नाही, त्यांनी कुणाची स्कूटी घ्या. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक पिशवीतून काढा. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी भाग शोधायचे. प्रत्येकीने एकदा तरी स्वतः डिपस्टिक काढून, पुसून, परत घालून पातळी वाचायची. मग एक वही करा : तारीख, किलोमीटर, काय तपासलं, काय बदललं, पावती नंबर. गाडी गॅरंटीत असेल तर सर्व्हिसिंग ठरलेल्या ठिकाणीच करा आणि सगळ्या पावत्या जपा. गॅरेजात बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. तो आपला आहे, मागायला संकोच नको.

सगळी कामं आपणच करायला हवीत असं नाही. पण मेकॅनिकने "तेल काळं झालंय, फिल्टर गेलाय" म्हटल्यावर "दाखवा बरं" असं म्हणता आलं पाहिजे. ज्या बहिणीने विचारलं, तिला आमचं उत्तर असं : त्या सुसाट गाडीच्या नेहमीच्या देखभालीला इंजिनिअर लागत नाही. लागतं ते पुस्तक, योग्य पाना, भक्कम घोड्या आणि घाई न करणारा हात. आणि गाडीखाली जाताना दुसरी मैत्रीण जवळ उभी असावी.

तुमच्या गटाने गाडी तपासली की काय सापडलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. पुढच्या वेळी आपण बॅटरीबद्दल बोलणार आहोत. तोवर नमस्कार.